'बसेल आहे' म्हणजे नेमकं काय करतो?

बाकावरचा:
मंडळी, गेल्या रविवारची गोष्ट. मी पुण्याहून जळगावला घरी आलोय. दुपारी आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलो होतो. ओट्यावर भडगावकडचे एक पाहुणे आले होते. चहा झाला, पाऊस झाला, कापसाचा भाव झाला, मग गाडी माझ्यावर आली. काय विचारलं ते कूलरच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही. वडिलांचं उत्तर मात्र स्पष्ट ऐकू आलं: "तो? बसेल आहे."

आता खरी परिस्थिती सांगतो. जुना प्रोजेक्ट दोन महिन्यांपूर्वी संपला, नवा मिळालेला नाही. आमच्या धंद्यात याला बेंचवर असणं म्हणतात. पगार चालू आहे. रोज सकाळी लॉगिन करायचं, एखादा ऑनलाइन कोर्स करायचा, कुणी बोलावलं तर मुलाखत द्यायची. घरी मी "घरून काम चालू आहे" एवढंच सांगितलंय. मग वडिलांना कळलं कसं? आणि कळलं तर मला न विचारता थेट पाहुण्यांना सांगितलं?

चार दिवस तो शब्द डोक्यातून जात नाही. रिकामा, बेकार, निवांत, मोकळा, यातलं मी नक्की काय आहे? 'बसेल'मध्ये यातलं काय काय येतं? जाणकारांनी सांगावं. इतरांनीही सांगावं, मला वेळ आहे.

ठेचाभाकर:
शेवटचं वाक्य वाचून उत्तर मिळालं. रिकामटेकडा.

जुनी वही:
आधी शब्दाचं बघू. पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, हे 'बसेल' म्हणजे भविष्यकाळ नव्हे. तिकडचं 'बसलेला' आमच्याकडे 'बसेल' होतं आणि त्याला लिंग-वचन लागत नाही. तो बसेल आहे, ती बसेल आहे, ते चौघं बसेल आहेत. दार लावेल आहे, भाकरी करेल आहे, मी जेवेल आहे. अहिराणीत 'बठेल शे'. माझ्या पुणेकर भाचेसुनेला पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "वरण करेल आहे," आणि ही तासभर वाट बघत राहिली की वरण कोण करेल.

तेव्हा शब्दशः अर्थ एवढाच, की बसलेला आहे. बाकीचं सगळं ऐकणाऱ्याच्या कानात.

एक विचारतो. पाहुण्यांनी 'पोरगा काय करतो' असं विचारलं होतं, की 'काय करी राहिला'? दोन्हीत फरक आहे.

केळीवाला:
बसण्याचे अर्थ मोजायचे तर आमच्या रावेरच्या बाजूला या भो. भाव बसला म्हणजे पडला. मोटर बसली म्हणजे जळाली. पावसात मातीची भिंत बसली म्हणजे कोसळली. दुकान बसलं म्हणजे शटर खाली. सगळं वाईटच. आणि व्यापारी गादीवर बसला म्हणजे? तो कामावर आला! आमच्या केळीची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, त्या बसलेल्या माणसाच्या हातून होते. सकाळपासून वाफ्यात वाकलेला मी, आणि संध्याकाळी पैशासाठी ज्याच्यापुढे उभा राहतो तो बसेल. म्हणून बसेलला हसू नका.

रात्री लाईट असते तेव्हा मोटर चालू करून बांधावर बसतो. बायको म्हणते, तिकडे जाऊन बसता नुसते. हो, नुसताच बसतो. पण फ्यूज गेला, नळी निसटली, रानडुक्कर आलं तर बसेल असणाराच लागतो ना. याला आमच्याकडे जागल म्हणतात. जुन्या काळी जागलीसाठी माणूस ठेवत आणि त्याला धान्य देत. बसून राहायचं, झोपायचं नाही, एवढंच काम. करून बघा एक रात्र.

पुणेरी जावई:
म्हणजे सिक्युरिटी गार्ड.

केळीवाला:
हो, पण त्याला डास कमी.

मीच ती:
पुरुषांचा बसेल किती श्रीमंत आहे बघा. गादी, जागल, बेंच. बाईच्या बाबतीत या शब्दाचे अर्थ किती? एक, तिचं लग्न ठरत नाही: "दोन वर्षांपासून पोरगी घरी बसेल आहे." दुसरा, ती सासरहून परत आलीय, आणि तेव्हा हाच शब्द जरा हळू आवाजात म्हणतात. तिसरा माझा. मी एमएस्सी आहे, लग्नाआधी दोन वर्षं कॉलेजवर तासिका घेत होते. आता कुणी विचारलं की नवरा सांगतो, "ती घरीच असते." या 'च'कडे बघा.

गेल्या एप्रिलमधल्या माझ्या 'घरीच'चा हिशोब देते. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घातले, रोज पाणी बदललं, चीक काढला, पहाटे चारला उठून शिजवला. ऊन चढायच्या आत गच्चीवर घालून झाल्या पाहिजेत, नंतर गच्चीवर पाय ठेववत नाही. मग ज्वारीचे बिबडे. मग तिखट, हळद, वर्षाचे गहू ऊन देऊन कोठीत. दुपारी चार वाजता पहिल्यांदा टेकले तर सासूबाई म्हणाल्या, हात रिकामे आहेत तर लसूण सोलून घे.

रिकामे हात! आमच्याकडे रिकामं हे बाईला लागलं की शिवीच होते. रिकामं कपाळ, रिकामी ओटी, रिकामे हात.

खडूधारी:
मीच ती यांच्या मुद्द्याला सरकारी आधार देतो. 2011 च्या जनगणनेला माझी ड्यूटी होती. तिथे 'काम'ची व्याख्या शिकवतात. वर्षात 183 दिवस किंवा जास्त काम केलं तर मुख्य कामगार, कमी केलं तर सीमांतिक, आणि फक्त घरकाम करणारी बाई 'काम न करणारी'. इथपर्यंत तुम्हाला अपेक्षित असेल. गंमत पुढे आहे. घरच्यापुरतं दूध काढणं व्याख्येप्रमाणे काम धरतात, विकलं नाही तरी. म्हणजे गोठ्यात म्हैस असेल आणि ती बाई दोहत असेल तर ती कामकरी. तेच दूध चुलीवर तापवलं, विरजण लावलं, लोणी काढलं, तर त्यातलं काही काम नाही.

एका घरी एक आजीबाई म्हणाल्या, "लिही, काहीच करत नाही." म्हटलं, म्हैस कोण काढतं? "मीच ना." मग पानावर त्या कामकरी झाल्या. शेजारच्या घरी म्हैस मागच्याच वर्षी विकलेली होती. तिथली बाई दिवसभर तेवढीच राबत होती, पण माझ्या पानावर बसेल.

उलट्या टोकाचंही सांगतो. बेकारीची जी सरकारी पाहणी होते, तिच्या आठवड्याच्या मोजमापात सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास काम केलं असेल तरी माणूस रोजगारात धरतात. बाकावरचा, तुम्ही तर रोज लॉगिन करता.

मीच ती:
धन्यवाद सर. मीही एक आकडा देते. वेळ कशात जातो याची सरकारी पाहणी 2019 मध्ये झाली होती. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात रोजचा सरासरी वेळ 299 मिनिटं आला आणि पुरुषांचा 97. आणि हे 97 जे करतात त्यांचं आहे, सगळ्यांचं नाही. करणारे पुरुष चारांत जेमतेम एक होते.

ठेचाभाकर:
मी त्या चारांतला बाकीच्या तिघांमधला.

मीच ती:
नावावरून वाटलंच. ठेचा कोण वाटतं?

ठेचाभाकर:
...

भोंगा:
बाकावरचा, तुमची बेंच नवी नाही. माझे वडील कापडगिरणीत होते, आधी बदली म्हणून. बदली म्हणजे कायम माणूस गैरहजर असेल तरच त्या दिवशी काम. पाळी सुरू व्हायच्या आधी डबा घेऊन गेटवर जायचं आणि उभं राहायचं. नाव पुकारलं तर आत, नाहीतर डबा घरी आणून खायचा. आई कधी कधी विचारायची, डबा इथेच ठेवून जा ना. ते म्हणायचे, डबा नसला तर मुकादमाला वाटेल हा घरी जायच्या तयारीने आलाय.

पुढे कायम झाले, तेव्हा ले-ऑफ सुरू झाले. कापूस नाही, वीज नाही, माल पडून आहे, कारण काहीही असो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफच्या दिवसांसाठी मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई होती. पण अट अशी, की कामाच्या वेळेत दिवसातून एकदा गिरणीत जाऊन हजर व्हायचं. काम नाही हे दोघांनाही माहीत, तरी मी कामाला तयार आहे हे रोज दाखवायला जायचं. नाही गेलात तर निम्मेही बुडाले. आणि बदलीवाल्यांना यातलं काहीच नाही, कारण कायद्याच्या लेखी ते मुळात बसलेच नव्हते, उभे होते.

तुमचं लॉगिन तेच आहे. फक्त डबा न्यावा लागत नाही.

बाकावरचा:
हे वाचून सकाळी लॉगिन करताना जरा वेगळं वाटलं. आमच्याकडेही सकाळी दहाच्या आत हिरवा ठिपका दिसावा लागतो.

दीपनगरवाला:
औष्णिक वीज केंद्रात नोकरी केली, म्हणून माझा बसेल जरा अवजड आहे. आमच्याकडे यंत्र थांबण्याचे दोन प्रकार. एक, बिघाड. दुसरा, रिझर्व्ह शटडाऊन. संच ठणठणीत आहे, कोळसा आहे, माणसं पाळीवर आहेत, पण मागणी कमी आणि दुसरीकडची वीज स्वस्त. वरून निरोप येतो, बंद करा. स्वस्त वीज आधी घ्यायची आणि महाग नंतर, असा क्रम असतो आणि आपला नंबर शेवटी लागतो. याला नादुरुस्त म्हणत नाहीत, उपलब्ध म्हणतात. उपलब्ध, पण नको असलेला. माझ्या मते तुमच्या बेंचला हा शब्द चपखल बसतो.

आता खरी गोष्ट. टर्बाइन बंद केलं म्हणजे सोडून दिलं असं होत नाही. रोटर तापलेला असतो. तसाच उभा ठेवला तर वरची आणि खालची बाजू सारखी निवत नाही आणि कित्येक टनांचा तो दांडा वाकतो. म्हणून बंद झाल्या झाल्या त्याला बारिंग गिअरवर घ्यायचं, म्हणजे छोट्या मोटरने हळूहळू फिरवत ठेवायचं. वीज शून्य, उलट आपलीच वीज खर्च. तास न् तास, पुरता निवेपर्यंत. एकदा रात्रपाळीत ती छोटी मोटर अडली आणि आम्ही हाताने फिरवली आहे, आळीपाळीने, सकाळपर्यंत. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं? संच बंद आहे आणि ही माणसं बसेल आहेत.

निवृत्त झाल्यावर बायको म्हणाली, आता आराम करा. पंधरा दिवसांत कंबर धरली. तेव्हापासून रोज सकाळी बाजारात जातो, काही आणायचं नसलं तरी. ती विचारते, कशाला? म्हणतो, बारिंग गिअर.

यार्डातला:
दीपनगरवाले साहेब, तुमचा कोळसा आमच्याच गाड्यांनी यायचा हो! मी भुसावळला मालगाडीवर होतो. आमच्याकडे घरी असणं म्हणजे 'रेस्ट'. लांब ड्यूटी झाली की मुख्यालयी सोळा तास. कागदावर आराम. खरं सांगायचं तर मे महिन्यात भुसावळच्या क्वार्टरमध्ये दुपारी बारा ते पाच झोपून दाखवा. बादलीत पाय ठेवून बसायचो. पूर्वी ड्यूटीचं बोलावणं घेऊन कॉलबॉय यायचा सायकलवर, वही घेऊन. तो येईपर्यंत ना बाहेर जाता येत, ना पाहुण्याकडे जेवता येत. गल्लीतले म्हणायचे, रेल्वेवाले काय, निम्मे दिवस घरी बसेल. कान सगळा वेळ सायकलच्या घंटीकडे.

आणि 'स्पेअर' म्हणजे दुसऱ्या गावी गाडी घ्यायला प्रवासी बनून जाणं. गणवेश अंगावर, हात मांडीवर. लोक विचारायचे, साहेब तुम्ही इथे बसेल, मग गाडी कोण चालवतंय?

केळीवाला:
😂 मी स्वतः विचारेल आहे हे.

जुनी वही:
काही शब्द राहिले, ते टाकून ठेवतो.

'ऐदी' म्हणजे आळशी, हे सगळ्यांना माहीत. हा शब्द मोगल फौजेतून आला. अकबराच्या काळी 'अहदी' नावाचे शिपाई होते. 'अहद' म्हणजे एक. हे एकांडे, कुठल्या मनसबदाराच्या हाताखाली नाहीत, थेट बादशहाचे. पगार चांगला, मान मोठा, रोजचं काम बेताचं. बोलावलं की जायचं. बाकीच्यांनी त्यांच्याकडे बघून तीनशे-चारशे वर्षांत शब्दाचा काय अर्थ केला ते तुम्ही बघताच आहात. बाकावरचा, तुमचे पूर्वज सापडले.

'बेकार' फारसी, काम नसलेला. आपल्याकडे तो माणसापेक्षा उन्हाला जास्त लागतो: बेकार ऊन पडलं, बेकार गर्दी होती.

'स्वस्थ' बघा. मूळ अर्थ आपल्या ठिकाणी असलेला. हिंदीत तो निरोगी झाला आणि मराठीत हातपाय न हलवणारा. एकच शब्द, सातपुड्याच्या पलीकडे डॉक्टर कौतुकाने म्हणतो आणि अलीकडे आई रागावून म्हणते, स्वस्थ बसलायस काय!

आणि माझा लाडका 'शिळोप्याच्या गप्पा'. काम उरकलं, ऊन उतरलं, आता घटकाभर टेकायचं, तो शिळोपा. हा शब्द वापरणारी माणसं कमी झाली, आणि ओटेही. नव्या घरांना पार्किंग असते, ओटा नसतो.

बाकावरचा, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

कपाशीकाठ:
कुणी शेताबद्दल बोललं नाही. बोंडअळी आल्यापासून आम्हाला एक सांगणं सारखं येतं, फरदड घेऊ नका. म्हणजे डिसेंबरपर्यंत कापूस उरकायचा, पऱ्हाट्या उपटायच्या, पाणी द्यायचं नाही, वावर मोकळं करायचं. लोभ होतो हो. पाणी आहे, झाड हिरवं आहे, अजून दोन वेचण्या निघतील. पण त्या दोन वेचण्यांवर गुलाबी अळी उन्हाळ्यापर्यंत जगते आणि पुढच्या हंगामात परत येते. झाडच नाही म्हटल्यावर तिची साखळी तुटते. मग नांगरून वावर एप्रिल-मेच्या उन्हात तापत ठेवायचं, मातीतले कोष वर येतात, उन्हाने मरतात, पाखरं टिपतात.

माझ्या आजोबांना फरदड शब्दाशी देणंघेणं नव्हतं. ते म्हणायचे, वावराला उन्हाळा खाऊ दे. गल्लीतले बघतात की चार महिने याचं शेत पडून आहे. पडू द्या.

ठेचाभाकर:
मग मीही उन्हाळा खातोय.

सालदाराचा नातू:
आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, राहिलं. खान्देशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, वर्ष आखाजीला संपतं आणि नवीन बोली तेव्हाच होते. माझे आजोबा सालदार होते. त्यांच्या आयुष्यात वर्षातला एकच दिवस असा, की जुन्या मालकाचे ते नव्हते आणि नव्याचे अजून झाले नव्हते. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, बाप्ये पत्ते कुटतात, पुरणपोळी आणि आंब्याचा रस. सगळं गाव मोकळं. आजोबाही मोकळे, पण आजी सांगायची की त्या दिवशी ते पत्त्यांत बसायचे नाहीत. वाड्यावाड्यांवरून उगाच चकरा मारायचे. कोण बोलावतं, कितीची बोली करतं. त्यांच्यासाठी सगळ्यात मोकळा दिवस म्हणजे सगळ्यात जास्त भीतीचा दिवस.

पोळ्याला बैलांना सुट्टी मिळते, तिला अशी धास्ती नसते. बैलाला माहीत असतं की उद्या जू त्याच्याच मानेवर आहे.

पुणेरी जावई:
हे वाचून थांबलो जरा.

तयारी चालू:
मी धुळ्यात अभ्यासिकेत बसतो. हो, बसतो. सकाळी आठ ते रात्री नऊ, चौथं वर्ष. गावात कुणी विचारलं तर आई सांगते, "तयारी करतोय." पहिल्या वर्षी लोक विचारायचे, कशाची? आता विचारत नाहीत, नुसतं "अच्छा" म्हणतात. लग्नाच्या बायोडाट्यात व्यवसायाच्या रकान्यात 'स्पर्धा परीक्षा व शेती' लिहिलंय. शेती दोन एकर, वडील करतात.

मला कुणी बसेल म्हटलं तर राग येत नाही. 'तयारी करतोय'चा येतो.

केळीवाला:
भो, कधी रावेरला आला तर ये. बांधावर बसू. कायच्या काय केळी आहेत.

पुणेरी जावई:
विषयांतर करतो. सासुरवाडी अमळनेरची. तिथे प्रताप शेठजींनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. लोकांनी निवांत बसून विचार करावा, म्हणून एका गिरणीमालकाने संस्था उभी केली! मला हे फार आवडतं. सासऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुम्हाला तिथे घेतील का बघा."

जुनी वही:
बाकावरचा. काय करतो, की काय करी राहिला?

बाकावरचा:
सर, माफ करा. तुमचा प्रश्न पहिल्या दिवशीच कळला होता. विचारायची हिंमत होत नव्हती. आज सकाळी वडिलांना विचारलं.

पाहुणे म्हणाले होते, "पोरगा आलाय म्हणे, दिसत नाही. काय करी राहिला?" आणि वडील म्हणाले, "तो? बसेल आहे." म्हणजे आत्ता काय करतोय, तर आतल्या खोलीत बसलेला आहे. बस. एवढंच. नऊ वर्षं पुण्यात राहून मी माझ्याच घरची भाषा चुकीची ऐकली.

जुनी वही:
वाटलंच होतं.

ठेचाभाकर:
इतक्या प्रतिक्रिया! एका कूलरपायी!

बाकावरचा:
पुढे ऐका. वडिलांनी विचारलं, तुला हे चार दिवस का डाचत होतं? मग सांगावंच लागलं. बेंच म्हणजे काय, प्रोजेक्ट म्हणजे काय, दोन महिने मी काय करतोय. भोंगा यांची गेटवरच्या डब्याची गोष्टही वाचून दाखवली. ती त्यांनी दोनदा वाचायला लावली.

मग म्हणाले, "पगार येतो ना?"
म्हटलं, येतो.
"मग बस."

आणि मिनिटभराने, "बसेल आहेसच तर दळण टाकून ये."

सध्या पिठाच्या गिरणीत आहे. पुढे सात डबे आहेत आणि लाईट गेलीय. बसेल आहे.